ऐकू येऊ नये म्हणून बनवलेली यंत्रं

सुरुवातीला एक छोटासा प्रयोग करू. मी आत्ता माइकपासून वीतभर अंतरावर उभा आहे. आता जरा पुढे झुकून अगदी हळू बोलतो. आणि आता एक पाऊल मागे सरकून चांगलं मोठ्यांदा बोलतो. शेवटच्या रांगेतल्या लोकांना दोन्ही वेळा आवाज साधारण सारखाच आला ना? (होकार) म्हणजे मी काय केलं, तर माझा हळू आवाज उचलला आणि मोठा आवाज दाबला. माइकवर गाणारा कुठलाही मुरलेला गायक हे नकळत करतो. सूर तार सप्तकात चढला की मान थोडी मागे जाते, मंद्रात उतरला की पुढे येते.

आज ज्या यंत्रांची गोष्ट मी सांगणार आहे, ती हेच काम करतात. त्यांना कॉम्प्रेसर आणि लिमिटर म्हणतात. कॉम्प्रेसर म्हणजे आवाज एका पातळीच्या वर गेला की वरचा भाग आवळणारा, आणि लिमिटर म्हणजे त्या पातळीच्या वर जवळजवळ काहीच जाऊ न देणारा. एक उदाहरण घेऊ. प्रमाण चारास एक ठेवलं, तर ठरवलेल्या रेषेच्या वर ४ डेसिबल गेलेला आवाज बाहेर पडताना फक्त १ डेसिबल वर असतो. गणित एवढंच. फरक असा की गायकाला आपला पुढचा सूर माहीत असतो आणि यंत्राला तो माहीत नसतो. आवाज येऊन आदळला की मगच त्याला कळतं. ते किती उशिरा जागं होतं आणि किती सावकाश पुन्हा सैल पडतं, हा आजच्या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

आज कुणी घरी संगणकावर रेकॉर्डिंग करायला बसलं, तर पडद्यावर त्याला काही जुन्या पेट्यांची चित्रं दिसतात. राखाडी पत्रा, गोल बटणं, हलणारा काटा, चार कोपऱ्यांतले स्क्रूसुद्धा. खरी पेटी त्याने कधी पाहिलेली नसते. नावं मात्र तोंडपाठ असतात: फेअरचाइल्ड ६७०, एलए-२ए, ११७६. ही यंत्रं बनवणाऱ्यांची इच्छा होती की त्यांचं काम कुणाच्या कानाला जाणवू नये. मग साठ वर्षांनी आपण त्यांचाच आवाज विकत का घेतो? आज या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे.

रेडिओच्या खोलीतला माणूस

गोष्ट सुरू होते स्टुडिओच्या बाहेर, रेडिओत. एएम प्रक्षेपणात आवाजानुसार वाहक लहरीची उंची कमी-जास्त होते. या चढउताराला खालच्या बाजूला शंभर टक्क्यांची मर्यादा असते. आवाज तिच्या पलीकडे गेला, तर लहर क्षणभर तुटते. ऐकणाऱ्याला आवाज फाटलेला येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या केंद्राच्या जागेत खरखर सांडते. बरं, भीतीपोटी आवाज खालीच ठेवावा, तर दूरच्या गावातल्या सेटवर कार्यक्रम त्या खरखरीतच बुडतो.

त्यामुळे नियंत्रण कक्षात एक माणूस बटणावर हात ठेवून बसलेला असायचा. डोळा मीटरच्या काट्यावर आणि कान गाण्यावर. वाद्यवृंद असेल तर तो नोटेशन समोर ठेवून बसायचा, कारण पुढच्या पानावर तुताऱ्या येणार आहेत हे त्याला आधीच कळायला हवं. चांगला माणूस तुताऱ्या येण्याच्या बऱ्याच आधी आवाज अलगद खाली आणायचा, इतका अलगद की श्रोत्याला पत्ता लागू नये. हे कौशल्यच होतं. पण माणूस दमतो, त्याला शिंक येते, आणि वक्ता अचानक ओरडतो.

१९३० च्या दशकात व्हॉल्व्हवर चालणारे स्वयंचलित लिमिटर आले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ११०ए हा १९३७ सालचा, बाजारात आलेल्या अगदी सुरुवातीच्या लिमिटरांपैकी एक. त्यामागचा हिशोब व्यापारी होता. शिखरं दाबली की बाकीचा आवाज वर आणता येतो, आणि ३ डेसिबल वर आणणं म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती दुप्पट केल्यासारखं आहे. पेटीच्या किमतीत दुप्पट ताकद, कोण सोडेल? इथे संगीताची गोडी वगैरे काही विषय नव्हता. पेटी पहारेकरी म्हणून आली होती.

तबकडीची भिंत

दुसरा पहारा लागला तो ग्रामोफोनच्या तबकडीवर. तबकडी कापायच्या लेथवर एक छिन्नी आवाजाबरोबर हेलकावे घेत खाच कोरत जाते. मोठा आवाज, त्यातही खर्जाचा मोठा आवाज, म्हणजे रुंद हेलकावा. फार रुंद झाला तर शेजारची खाच फुटते. खाचा लांब-लांब ठेवल्या तर एका बाजूला कमी मिनिटं बसतात. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि अडचण वाढली. स्टिरिओमध्ये डावा आणि उजवा आवाज एकाच खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेला असतो. दोन्हींत सारखा असलेला भाग सुईला आडवा हलवतो आणि दोन्हींतला फरक तिला वर-खाली हलवतो. वर-खाली फार झालं की खाच उथळ पडते, आणि घरी तुमची सुई उडी मारते. रेकॉर्ड दुकानात परत.

राइन नार्मा हे मूळचे एस्टोनियाचे इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांच्या वेळी त्यांनी ध्वनियंत्रणेवर काम केलं, मग ते अमेरिकेत आले. गिटारवादक लेस पॉल यांच्या घरच्या स्टुडिओसाठीही त्यांनी यंत्रं बांधून दिली. त्यांनी रचलेला लिमिटर शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने घेतला. हे फेअरचाइल्ड म्हणजे विमानातून फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे नावारूपाला आलेले उद्योगपती. लिमिटरचं एका चॅनलचं मॉडेल ६६०, आणि स्टिरिओसाठी ६७०. ६७० मध्ये २० व्हॉल्व्ह, वजन सुमारे ३० किलो. हिवाळ्यात खोली गरम करायला हरकत नाही. (हशा) या यंत्रात सुईचा आडवा भाग आणि उभा भाग वेगवेगळा आवळायची सोय होती. ती सोय थेट तबकडीच्या गरजेतून आली होती.

यातला व्हॉल्व्ह खास जातीचा. साधारण व्हॉल्व्ह आवाज ठरावीक पटीने वाढवतो. याची पट बाहेरून दिलेल्या व्होल्टेजनुसार हळूहळू बदलते. म्हणजे आवाज वाढवणारा घटकच आवळणाराही झाला. ६७० ला सहा वेळा-स्थिती होत्या. सहाव्या स्थितीत एखादंच शिखर आलं, तर यंत्र ०.३ सेकंदात सैल व्हायचं. बराच वेळ आवाज मोठाच राहिला, तर सैल व्हायला २५ सेकंदांपर्यंत घ्यायचं. हे का केलं असेल? तर आपला तो बटणावरचा माणूस असंच वागायचा. एखादी टाळी वाजली तर तो दुर्लक्ष करायचा, अख्खा वृंद मोठ्याने वाजू लागला तर पातळी उतरवून ठेवायचा. नार्मांनी त्या माणसाचा धीर कंडेन्सर आणि रोधकांत बसवला.

दिवा आणि त्याची आठवण

तिसरी पेटी माझी लाडकी आहे. जिम लॉरेन्स हे कॅलिफोर्नियातले इंजिनिअर. लष्करात रेडिओ ऑपरेटर होते, पुढे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत प्रकाशसंवेदकांवर त्यांनी काम केलं. रेडिओ केंद्रावर काम करताना बटण फिरवत बसण्याचा वैताग त्यांनी अनुभवला होता. १९५८ मध्ये पासाडीनाला त्यांनी टेलिट्रॉनिक्स ही कंपनी काढली आणि काही वर्षांत एलए-२ए तयार झालं.

युक्ती अशी. एका बंद डबीत मंद उजळणारी एक पातळ पट्टी आहे. तिच्यासमोर प्रकाशावर चालणारा रोधक, कॅडमियम सल्फाइडचा. आत येणारा आवाजच त्या पट्टीला वीज देतो. आवाज मोठा झाला की पट्टी जास्त उजळते, उजेड वाढला की रोधकाचा अडथळा घटतो, आणि तितका आवाज जमिनीत वळवला जातो. म्हणजे गाण्याने स्वतःच दिवा लावायचा आणि त्या उजेडात स्वतःला आवरायचं. पुढे मुख्य बटणं दोनच, एक आवाज वाढवायचं आणि दुसरं किती आवळायचं ते सांगायचं.

आता गंमत पाहा. हा रोधक तसा आळशी. जागा व्हायला सुमारे १० मिलिसेकंद घेतो, म्हणजे शब्दाचं पहिलं व्यंजन बरंचसं सुटून जातं आणि उच्चार स्पष्ट राहतो. उजेड गेल्यावर तो अर्धा सैल होतो ६० मिलिसेकंदांच्या आसपास, पण उरलेला अर्धा सैल व्हायला अर्ध्या सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. किती, ते आधी किती उजेड पडला होता यावर ठरतं. उन्हातून घरात आल्यावर डोळ्यांचं होतं तसंच. त्या पदार्थाला मागच्या उजेडाची आठवण राहते. इंजिनिअरच्या वहीत हा दोष आहे. कानाला मात्र हे एखाद्या समंजस माणसाच्या हातासारखं वाटतं. गाणाऱ्याच्या आवाजावर लोक आजही पहिलं हेच का लावतात, त्याचं कारण त्या आळसात आहे.

१९६५ मध्ये लॉरेन्स यांनी कंपनी विकली आणि दोन वर्षांत ती बिल पटनम यांच्या हाती आली. पटनम म्हणजे शिकागोचे, नंतर हॉलिवूडमध्ये स्टुडिओ उभारणारे. १९४७ साली हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओच्या बाथरूमचा घुमारा वापरणारे ते हेच. त्याच १९६७ च्या सुमारास त्यांचं स्वतःचं ११७६ आलं. यात व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर. जागं व्हायचा वेळ ८०० मायक्रोसेकंदांपासून थेट २० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाचा पन्नास हजारावा भाग. यंत्र जवळजवळ लगेच जागं होऊ लागलं. प्रमाणासाठी चार बटणं: ४, ८, १२ आणि २०. एका वेळी एकच दाबायचं, असा बेत होता.

नियम मोडणारे

होता म्हणतोय, कारण कुणीतरी चारही एकदम दाबली. मग आतला हिशोबच बिघडतो. प्रमाण आणि विकृती दोन्ही वेगळीच होतात, काटा भलतीकडे जातो, आणि ढोलाचा आवाज खोलीसकट अंगावर आल्यासारखा येतो. पुस्तिकेत नसलेली ही रीत आता इतकी रूढ आहे की संगणकावरच्या नकलांमध्येही चारही बटणं एकदम दाबायची मुद्दाम सोय करून ठेवलेली असते.

याहून प्रसिद्ध उदाहरण लंडनचं. ६ एप्रिल १९६६, ईएमआयचा ॲबी रोड इथला स्टुडिओ. बीटल्स 'टुमॉरो नेव्हर नोज' ध्वनिमुद्रित करायला बसले होते. इंजिनिअर जेफ एमेरिक, वय अवघं वीस. त्यांनी रिंगो स्टार यांच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला, माइक नियमापेक्षा बराच जवळ सरकवला, आणि सगळा ठेका फेअरचाइल्ड ६६० मधून जोरात आवळून घेतला. ते गाणं घरी जाऊन जरूर ऐका. प्रत्येक ठोक्याला सगळं दबतं आणि लगेच झांजेचा आवाज आत ओढला जावा तसा वर येतो. जणू ठेका श्वास घेतोय.

हा श्वास म्हणजे पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज. रेडिओवाल्यांनी तो लपवण्यासाठी तीस वर्षं खर्च केली होती. एमेरिकसारख्यांनी तो पुढे आणला आणि पेटी वाद्य झाली. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण तो. मात्र एक बारकावा विसरू नका. त्यांना हे करता आलं, कारण पेटीला स्वतःची मर्यादा होती. व्हॉल्व्ह उशिरा जागा व्हायचा, दिव्याला आठवण राहायची. त्या अपुरेपणातच आवाजाची चव होती.

जागा वाढली, आवाज आवळला

आता जरा कडू भाग. १९८२ मध्ये सीडी आली. तिच्यावर खाच नाही, सुई नाही, उडी मारायचा प्रश्न नाही. सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं, तबकडीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे पहारेकऱ्याला निवृत्ती द्यायला हवी होती. झालं उलटच.

१९९४ मध्ये वेव्ह्ज कंपनीचा एल१ हा संगणकावरचा लिमिटर आला. संगणकात आवाज काही क्षण थांबवून ठेवता येतो. त्यामुळे शिखर येण्याआधीच लिमिटरला ते दिसतं. मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, यंत्राला पुढचा सूर माहीत नसतो? आता तो माहीत झाला. बटणावरच्या माणसासमोर जसं नोटेशन असायचं, तसं यंत्राच्या हाती भविष्य आलं. मग शिखरं विनासायास कापता येऊ लागली आणि प्रत्येक कंपनी आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजावी म्हणून सगळा आवाज छताला नेऊन भिडवू लागली. कानाचा स्वभाव असा आहे की दोन गाणी लागोपाठ वाजली, तर जरासं मोठं वाजणारं पहिल्या झटक्यात चांगलं वाटतं. बाजारात तो झटका पुरतो.

२००८ मध्ये मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला. चाहत्यांच्या लक्षात आलं की तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात, आणि विकत घेतलेल्या सीडीवर मात्र ढोल चिरडलेले आहेत. हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करावा अशी मागणी केली. विचार करा, हेवी मेटल ऐकणारे लोक आवाज फार मोठा आहे अशी तक्रार करत होते. (हशा) हसण्यासारखं आहे, पण त्यांचं म्हणणं रास्त होतं. सगळंच मोठं असेल तर काहीच मोठं राहत नाही. ढोलाचा ठोका अंगावर येतो, तो त्याच्या आधीच्या क्षणाहून वेगळा असतो म्हणून.

या धावपळीला लगाम घातला तो शेवटी मोजमापाने. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायची एक पद्धत ठरवून दिली. २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने त्यावर आधारून पातळी नेमून दिली. आज गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवायची सोय असते. तिथे फार आवळलेलं गाणं मोठं वाजत नाही, फक्त चपटं वाजतं. आवळण्यातला फायदा बराचसा संपला आणि तोटा तेवढा उरला.

नक्कल कशाची?

मग पुन्हा त्या चित्रांकडे येऊ. १९९९ मध्ये बिल पटनम यांच्या मुलांनी वडिलांची युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी नव्याने उभी केली, ११७६ आणि एलए-२ए पुन्हा बनवायला घेतले, पुढे त्यांच्या संगणकी नकलाही काढल्या. इतर अनेकांनीही काढल्या. खरी पेटी पुन्हा बनवणं सोपं नाही. फेअरचाइल्डचे मूळ व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातून शोधावे लागतात. एलए-२ए च्या डबीत कॅडमियम आहे आणि तो विषारी. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांतल्या कॅडमियमवर निर्बंध घातले. त्या नियमाच्या अपवादांत एक नोंद केवळ व्यावसायिक ध्वनिउपकरणांतल्या अशा प्रकाशरोधकांसाठी होती आणि तिची मुदत २०१३ च्या अखेरीस संपली. एका दिव्याच्या आळसासाठी कायद्यात वेगळी ओळ लिहावी लागली, हे मला फार बोलकं वाटतं.

संगणकाला तर आळस माहीतच नाही. तो शिकवावा लागतो. उजेड गेल्यावर पाच सेकंद आठवण ठेव, उशिरा जागा हो, थोडी विकृती येऊ दे, असं गणितातून सांगावं लागतं. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. आपण पेट्यांची नक्कल करतो ती त्यांच्या मर्यादांसाठी. मर्यादा सगळ्या गेल्या तेव्हा आपण आवाजाचं काय केलं, ते नुकतंच पाहिलं.

यात आपल्याकडच्या मंडळींसाठी एक व्यावहारिक गोष्ट आहे. आज अनेक गायक घरीच ख्याल नाही तर अभंग रेकॉर्ड करतात. सॉफ्टवेअरमध्ये तयार मांडणी असते, त्यात गाण्याच्या आवाजावर हा कॉम्प्रेसर आधीच लावलेला असतो, आणि आकडे बहुधा पॉप गाण्यासाठी ठरवलेले असतात. आलापीत गायक मंद्रातला षड्ज मुद्दाम दबक्या आवाजात लावतो, श्रोत्याने कान पुढे करावा म्हणून. यंत्र तो सूर उचलून तार षड्जाच्या शेजारी नेऊन बसवतं. तानपुरा गायकाच्या प्रत्येक श्वासाबरोबर फुगतो. चुकीचं काहीच वाजत नाही, तरी गायकाने केलेली मांडणी पुसली जाते. यावर उपाय सोपा आहे. कॉम्प्रेसर आधी बंद करा, गाणं दोनदा ऐका, मग गरज असेल तिथेच लावा. बंद-चालू करून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर मोठं वाजणारं तुम्हाला फसवेल.

रेडिओच्या खोलीतला तो माणूस आठवा. त्याच्या हातात बटण होतं, पण त्याआधी त्याच्यासमोर नोटेशन होतं. काय येणार आहे आणि त्यातलं काय मोठं राहायला हवं, हे ठरवून मगच तो हात हलवायचा. पेट्यांनी त्याचा हात घेतला, पुढे संगणकाने त्याची नजरही घेतली. ठरवायचं काम मात्र अजून कुणी घेतलेलं नाही. ते रेकॉर्डिंग करणाऱ्याकडेच आहे, आणि ते त्याने सोडू नये एवढंच मला सांगायचं होतं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी कृपया माइक तोंडाजवळ धरा, आज आपल्याकडे लिमिटर नाही. (हशा)